गोपनीयतेची वर्गणी: व्हीपीएनसाठी पैसे मोजावेत का?

दोन वर्षांची वर्गणी एकदम भरल्यास मोठी सवलत आणि इंटरनेटवर संपूर्ण गोपनीयता, अशा जाहिराती आता मोबाईलच्या पडद्यावर नित्याच्या झाल्या आहेत. ‘व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क’ अर्थात व्हीपीएन ही एकेकाळी कार्यालयांपुरती मर्यादित असलेली सोय त्यामुळे घरोघरी विकली जाऊ लागली आहे. ही वर्गणी सामान्य ग्राहकाच्या खरोखर उपयोगाची आहे का, याचा विचार मात्र जाहिरातींच्या भाषेत करता येत नाही. त्यासाठी या सेवेचे स्वरूप आणि तिच्याभोवतीचा भारतीय कायदा, दोन्ही पाहावे लागतात.

व्हीपीएन सुरू केल्यावर ग्राहकाच्या उपकरणातून निघणारी माहिती कूटबद्ध होऊन प्रथम त्या कंपनीच्या सर्व्हरकडे आणि तेथून पुढे इच्छित संकेतस्थळाकडे जाते. आपला ग्राहक कोणती संकेतस्थळे पाहतो, हे इंटरनेट पुरवठादाराला कळत नाही. संकेतस्थळालाही ग्राहकाचा मूळ आयपी पत्ता दिसत नाही. मात्र जे पूर्वी पुरवठादाराला दिसत होते, ते आता व्हीपीएन कंपनीला दिसू शकते. कोणावर तरी विश्वास ठेवण्याची गरज कायमच राहते. फक्त तो कोणावर ठेवायचा, हे बदलते.

जाहिरातींत सर्वाधिक भीती दाखवली जाते ती सार्वजनिक वायफायची. परंतु बँका आणि बहुतेक मोठी संकेतस्थळे आज एचटीटीपीएस पद्धतीने चालतात. त्यांच्याशी होणारी देवाणघेवाण मुळातच कूटबद्ध असते. भारतात सामान्य माणूस पैसे गमावतो तो प्रामुख्याने बनावट लिंक, फोनवर सांगितलेला ओटीपी किंवा ‘डिजिटल अटके’चा धाक यांमुळे. यांपैकी कशावरही व्हीपीएन हा उपाय नाही. गूगल वा फेसबुकच्या खात्यात प्रवेश केलेल्या ग्राहकाची ओळखही त्या कंपन्यांपासून लपत नाही.

भारतीय ग्राहकासाठी खरा पेच कायद्याचा आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन पुरवठादारांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचा हेतू यांची नोंद सेवा संपल्यानंतरही किमान पाच वर्षे ठेवणे बंधनकारक झाले. गुन्हेगार या सेवेआड लपतात आणि तपास खुंटतो, हा सरकारचा युक्तिवाद निराधार नाही. पण नोंदी न ठेवणे हेच ज्यांचे विक्रीमूल्य, त्या एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला या नियमातून वगळण्यात आले. २०२५च्या प्रारंभी काही व्हीपीएन ॲप भारतातील ॲप स्टोअरमधून हटवली गेली. आज दोन वर्षांचे पैसे आगाऊ भरणाऱ्याने ही अनिश्चितता हिशेबात धरली पाहिजे.

मग फुकटची सेवा काय वाईट, असा प्रश्न साहजिक आहे. फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलेले ‘ओनाव्हो’ हे ॲप माहितीचे रक्षण करणारे म्हणून पुढे केले गेले. प्रत्यक्षात त्यातून मिळालेली माहिती फेसबुकच्या व्यावसायिक लाभासाठी वापरली गेली. ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने २०२३ मध्ये त्याबद्दल कंपनीच्या दोन उपकंपन्यांना एकूण दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. सगळ्याच मोफत सेवा अशा नसतात. प्रोटॉनव्हीपीएनची मर्यादित मोफत सेवा सशुल्क ग्राहकांच्या पैशांवर चालते. उलट, पैसे मोजले म्हणून निश्चिंत व्हावे असेही नाही. एक्स्प्रेसव्हीपीएन २०२१ मध्ये ज्या केप टेक्नॉलॉजीज या कंपनीने विकत घेतली, तिच्याकडेच व्हीपीएनची परीक्षणे प्रसिद्ध करणाऱ्या संकेतस्थळांचीही मालकी होती. विक्रेता आणि परीक्षक एकाच घरचे असतील, तर गुणांकनाकडे सावधपणेच पाहावे लागते.

कंपनीचा दावा कसोटीला उतरला, असे उदाहरणही आहे. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडिश पोलीस मुलव्हाड या कंपनीच्या कार्यालयात झडतीसाठी आले. ग्राहकांची माहिती साठवलेलीच नसल्याने ते रिकाम्या हाताने परतले. ही कंपनी महिन्याला सरसकट पाच युरो आकारते आणि नाव किंवा ईमेलही मागत नाही.

गोव्यातून आखातात गेलेल्या कुटुंबांसाठी आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरून थेट संभाषण करता येत नसल्याने अनेकांना व्हीपीएनचा मोह होतो. तेथील कायद्यानुसार गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आयपी पत्ता बदलल्यास पाच लाख ते वीस लाख दिरहमपर्यंत दंड होऊ शकतो. घरच्यांशी बोलण्यासाठी तेथे अधिकृत परवाना असलेली ॲप वापरणेच श्रेयस्कर.

तात्पर्य, ज्यांचा वापर बँक, बातम्या, चित्रपट आणि समाजमाध्यमांपुरता आहे, त्यांना ही वर्गणी अनावश्यक आहे. तेच पैसे पासवर्ड मॅनेजरवर खर्चावेत. द्विस्तरीय पडताळणी तर फुकटच मिळते. ज्यांना कामासाठी व्हीपीएन लागतो, त्यांना तो पुरवणे ही कंपनीची जबाबदारी. सूत्रांची ओळख जपणारे पत्रकार, अशिलांची कागदपत्रे हाताळणारे वकील आणि सतत परक्या जाळ्यांवर काम करणारे फिरस्ते यांना मात्र ही सेवा पैसे मोजण्याजोगी आहे. त्यांनीही प्रथम एकाच महिन्याची वर्गणी घ्यावी, स्वतंत्र लेखापरीक्षण झाले आहे का ते तपासावे आणि सवलतीच्या दराबरोबर नूतनीकरणाचा दरही वाचावा.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे स्पष्ट केले. त्या हक्काचे रक्षण ही प्रथम शासनाची जबाबदारी आहे. ज्यांना वर्गणी परवडते त्यांनाच खासगीपणा मिळावा, अशी वेळ आली, तर उणीव ग्राहकाच्या खिशात नसून व्यवस्थेत आहे, असेच म्हणावे लागेल.