बांधापलीकडचे पीक व आपली आणेवारी

एका शिवारात दोन शेते आहेत. बांध एक, पाऊस एक, जमीन काळी ती काळीच. पण एका शेतात सोळा आणे पीक उभे आहे आणि दुसऱ्यात सहा आणे. अशा वेळी सहा आणेवाला कुणबी जर म्हणू लागला की, 'काय करावे, देवाने दिले नाही,' तर शेजारचा म्हातारा त्यास विचारील, 'बाबा, देव बांध ओलांडून पलीकडेच का गेला? बी कोणते पेरलेस, खत किती टाकलेस, निंदणी केव्हा केलीस, ते आधी सांग.' पिकाचा हा हिशेब आमच्या शेतकरी बंधूंस कोणी शिकवावा लागत नाही. परंतु घरातले लेकरू गेले किंवा बाळंतीण दगावली म्हणजे हाच शहाणा कुणबी कपाळावर हात मारून नशिबाला बोल लावतो. आपल्या देशाचे आरोग्य बांधापलीकडच्या देशांशी ताडून पाहावे आणि नशिबाचा वाटा किती व माणसाच्या करणीचा किती हे काढावे, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आरोग्य मोजावयाची मापे पुष्कळ आहेत. त्यांतले मुख्य माप बालमृत्यूचे. हजार मुले जिवंत जन्मली, तर त्यांतली किती वर्षाच्या आत गेली, हा तो आकडा. तान्हे मूल बोलत नाही, पण त्याच्या जगण्यामरण्यात गावाची सगळी कथा असते. आईच्या पोटात अन्न किती गेले, बाळंतपणास शिकलेली सुईण होती की नाही, आडाचे पाणी स्वच्छ होते का, पावसाळ्यात दवाखान्यापर्यंत गाडी गेली का, हे सारे त्या एका आकड्यात उतरते. दुसरे माप मातामृत्यूचे. ते लाख जन्मांमागे मोजतात.

माप मात्र नीट धरले पाहिजे. कोणी म्हणेल, 'जपानात दर हजार माणसांमागे वर्षाला बारांहून अधिक मरतात आणि आपल्याकडे सहा-सात. मग आपणच निरोगी!' हा हिशेब खोटा आहे. जपानात म्हातारी माणसे फार, कारण तेथे माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. जुन्या आंबराईत वठलेली झाडे जास्त दिसणारच. म्हणून ती आंबराई वाईट ठरत नाही. रोपटी किती जगली ते पाहावे.

आता जुनी वही उघडू. इंग्रज सरकारने नेमलेल्या भोर समितीचा अहवाल 1946 साली निघाला. त्यात 1937 सालचे निरनिराळ्या देशांचे आकडे शेजारी शेजारी मांडले होते. न्यूझीलंडात हजारी 31 मुले वर्षाच्या आत मरत, इंग्लंड-वेल्समध्ये 58, आणि ब्रिटिश हिंदुस्थानात 162. साहेबाच्या घरचे मूल आणि साहेबाच्या रयतेचे मूल यांत इतके अंतर! हिंदी माणसाचे सरासरी आयुष्य तेव्हा सत्तावीस वर्षेही भरत नव्हते. पण त्याच तक्त्यात आणखी एक ओळ होती, ती फार थोड्यांनी वाचली. ती ओळ सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची. तेथे आकडा होता 158. आमचा 162, त्यांचा 158. दोघेही इंग्रजांच्या अमलाखाली, दोघेही भात खाणारे, दोघांनाही हिवतापाने पोखरलेले. बांध एक, पाऊस एक!

आज काय आहे? आपल्या सरकारच्याच नमुना नोंदणीप्रमाणे 2023 साली भारतात हजारी 25 मुले वर्षाच्या आत गेली. 162 वरून 25 ही कमाई लहान नव्हे, आणि ती नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. देवीचा रोग 1975 नंतर या देशात उरला नाही. पोलिओचा शेवटचा रोगी 2011 च्या जानेवारीत सापडला. लस टोचणाऱ्या हजारो बायाबापड्यांनी डोंगरदऱ्या तुडवल्या तेव्हा हे झाले. पण त्याच मुदतीत श्रीलंकेचा आकडा सहा-सातांवर आला. एका ओळीत उभे असलेले दोघे चालू लागले. एक मुक्कामाजवळ पोहोचला आणि दुसरा अजून अर्ध्या वाटेत घाम पुसतो आहे.

मग लंकेने कोणते बी पेरले? 1926 साली कलुतारा येथे तिने पहिले आरोग्यपथक उभारले आणि पुढे ती रीत गावोगाव नेली. सुमारे तीन हजार वस्तीमागे एक शिकलेली सुईण, सरकारी पगारावर, दारोदार फिरणारी. पोटुशी बाई कोण, कोणाचे दिवस भरत आले, कोणाचे मूल दूध ओढत नाही, हे सारे तिच्या वहीत. 1931 साली तेथील स्त्रीपुरुष सर्वांस मताचा हक्क मिळाला. ज्याच्या हाती मत आले त्याच्या दाराशी पुढारी जाऊ लागला, आणि गावकऱ्यांनी त्याच्यापाशी दवाखाना व शाळा मागितली. 1934-35 साली हिवतापाच्या साथीत त्या बेटावर सुमारे ऐंशी हजार माणसे मेली. त्या धक्क्यातून खेड्यापाड्यांत दवाखाने वाढले. 1945 साली शिक्षण मोफत झाले व मुली शाळेत गेल्या. ज्या देशात 1930 नंतरच्या वर्षांत लाख जन्मांमागे दोन हजारांहून अधिक बाळंतिणी मरत, तेथे आता तो आकडा तीस-चाळिसांच्या आसपास आहे. 2016 साली हिवतापही तेथून हद्दपार झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले.

यावर कोणी शहाणा म्हणेल, 'लंका लहान बेट, शिवाय माणशी उत्पन्न आपल्याहून जास्त. तिची गोष्ट आम्हांस काय सांगता?' ठीक आहे, लंका सोडा. आपल्याच देशातल्या केरळात चला. 2020 च्या सरकारी आकड्यांत केरळात हजारी 6 मुले गेली, महाराष्ट्रात 16, उत्तर प्रदेशात 38 आणि मध्य प्रदेशात 43. राज्यघटना एक, रुपया एक, रेल्वे एक. फरक पडला तो शाळेने आणि जवळच्या दवाखान्याने. आणि ती शाळाही कोणी ताटात वाढून दिली नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी त्रावणकोर संस्थानात अय्यनकाळी यांनी पुलय जातीच्या मुलांस शाळेत घेत नाहीत म्हणून शेतमजुरांचे कामच बंद पाडले होते. आमच्या पोरांस अक्षर नाही तर तुमच्या खाचरात भात नाही, असा तो रोखठोक सौदा होता. अक्षर शिकलेली आई औषधाची पुडी वाचते, डॉक्टरला प्रश्न विचारते, मूल निपचित पडले तर अंगारा शोधीत बसत नाही.

आता गरिबीची सबब घ्या. बांगलादेश 1971 साली रक्ताने माखून जन्मला. त्या वर्षी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसे पटापट मरत होती. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपले, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजावयास लावले. रोग्यांतील मृत्यू शेकडा तीसच्या घरातून शेकडा चारच्या आत आले. हा शोध आमच्या भूमीवर कसाला लागला. पण तो घरोघर नेला बांगलादेशाने. 1980 पासून दहा वर्षे ब्रॅक नावाच्या संस्थेच्या बाया एक कोटीहून अधिक घरांत गेल्या आणि आयांना शिकवीत राहिल्या: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. नुसते सांगून त्या थांबल्या नाहीत, आईच्या हातून करवून घेतले. 1990 च्या सुमारास तेथे हजारी शंभराच्या आसपास मुले मरत आणि आपल्याकडे नव्वदच्या आसपास. म्हणजे तो देश आपल्या मागे होता. आज तो आपल्या बरोबरीस आला आहे, आणि मुलांच्या वाढीत पुढेही गेला आहे. पाच वर्षांखालील खुरटलेली मुले तेथे 2022 साली शेकडा 24 होती. आपल्याकडे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शेकडा 35 हून अधिक निघाली. गूळ आमच्या कोल्हापुरात काय थोडा पिकतो?

उलट नुसत्या पैशानेही हे साधत नाही. अमेरिका आपल्या एकूण उत्पन्नाच्या शंभरांतील सुमारे सतरा भाग आरोग्यावर उधळते, तरी 2022 साली तिचे सरासरी आयुष्य साडेसत्त्याहत्तर वर्षांवरच होते, म्हणजे लंकेच्या आसपास. तात्पर्य, पाणी किती उपसले यावर पीक येत नाही. ते पाणी कोणत्या वाफ्यात गेले यावर येते.

आपल्याकडे ते कोणत्या वाफ्यात जाते? 'सरासरी' हा शब्द फार फसवा आहे. पाटलाच्या वाड्यात पंगत उठली आणि गावकुसाबाहेर चूल पेटली नाही, तरी सरासरीने गाव अर्धपोटी जेवलेच! वर सांगितलेल्या पाहणीतच पाहा. देशातील सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्श्याच्या घरांत खुरटलेली मुले शेकडा 23, आणि सर्वांत गरीब हिश्श्यात शेकडा 46, नेमकी दुप्पट. परदेशी संस्थांच्या भूक-क्रमवारीत आपला नंबर खाली लागला की सरकार त्या संस्थेच्या पद्धतीशी भांडते. भांडावे, पद्धतीत दोष असतीलही. पण हे आकडे तर सरकारनेच मोजविले आहेत. दुसऱ्याचा आरसा वाकडा असेल, आपल्या घरच्या आरशाचे काय?

2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारने लिहून दिले की, 2025 पर्यंत देशाच्या उत्पन्नाचे शेकडा अडीच आरोग्यावर खर्चू. 2021-22 सालच्या सरकारी हिशेबात तो खर्च शेकडा 1.84 होता. त्याच साली देशात आरोग्यावर झालेल्या शंभर रुपयांपैकी 39 रुपये लोकांनी आपल्या पदरचे भरले. पूर्वीपेक्षा हे बरे. 2013-14 साली ते 64 होते. परंतु ते 39 रुपये कोठून येतात हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. बैल विकून, दागिना मोडून, जमीन गहाण टाकून ते येतात. एक ऑपरेशन आणि तीन पिढ्यांचे कर्ज, अशी घरे प्रत्येक गावात आहेत.

आमच्या महाराष्ट्रात वाट दाखविणारे कोणी नाही, असेही नाही. गडचिरोलीत डॉक्टर अभय बंग व राणी बंग यांनी खेड्यातल्याच बायांस तान्ह्या मुलांची शुश्रूषा शिकविली: मुलाला ऊब द्या, श्वास मोजा, जंतुदोष ओळखून औषध द्या. 39 गावांत हा प्रयोग झाला आणि पहिल्या महिन्यातले बालमृत्यू शेकडा साठांहून अधिक घटले. 1999 साली ही हकीकत विलायतेतल्या नामांकित वैद्यक पत्रात छापून आली. आज देशभर दहा लाखांवर आशाताई घरोघर जातात, त्यांच्या कामात ही रीत आहे. परंतु लंकेची सुईण पगारी नोकर, आणि आमची आशा 'स्वयंसेविका', कामागे मोबदला घेणारी. रात्री दोन वाजता बाळंतिणीबरोबर जीपमध्ये बसणारी बाई स्वयंसेविका, आणि तिच्या कामाचा तक्ता खोलीत बसून भरणारा कायम नोकर! हा न्याय कोणत्या गावचा?

सरकारास इतके बोललो. आता घरच्यांसही बोलले पाहिजे, नाही तर आम्ही तोंडपुजे ठरू. गाय व्याली की आम्ही वासरास पहिला चीक पाजतो, कारण त्यावाचून वासरू धरत नाही हे आम्हांस ठाऊक आहे. आणि माणसाच्या लेकराला? देशात शंभरांपैकी बेचाळीसच मुलांस जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळते. घरातली सून सर्वांच्या मागून जेवते; मग देशातल्या शंभर बायांत सत्तावन्न पांढऱ्या पडलेल्या निघतात, यात नवल काय? महाराष्ट्रात अजून शंभरांत बावीस मुलींचे लग्न अठरा पुरे होण्याआधी होते. कोवळ्या रोपावर फळ धरू देणारा माळी आम्हांस दाखवा! जे झाडाला करीत नाही ते लेकीला करतो, आणि वर नशिबाला दोष देतो.

बंधुभगिनींनो, हे आकडे दिल्लीच्या कपाटात राहिले तर निरुपयोगी आहेत. पुढल्या ग्रामसभेत उठून एवढेच विचारा: गेल्या वर्षी आपल्या गावात किती मुले जन्मली, किती गेली, कशाने गेली? उपकेंद्रातील नर्सबाई किती दिवस हजर होती? गावच्या आरोग्य समितीचा पैसा कशावर गेला? आणि प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यू एकवीस दिवसांच्या आत नोंदवा. अवघे एक दिवस जगलेल्या मुलाचाही. जे वहीत चढले नाही ते मूल सरकारच्या लेखी जन्मलेही नाही आणि मेलेही नाही, मग त्याच्यासाठी दवाखाना कोण बांधणार?

पिकाची आणेवारी चुकीची लागली तर आम्ही तलाठ्याशी भांडतो, तहसीलावर मोर्चा नेतो. लेकरांची आणेवारी लावावयास मात्र कोणी बसत नाही. ती आता गावाने स्वतः लावली पाहिजे. बांधापलीकडे पीक उभे आहे. ते पाहून हेवा करू नये आणि मानही खाली घालू नये. त्याने पेरले कसे ते विचारावे आणि ह्याच पावसाला आपले शेत धरावे.