बॉम्बने नव्हे, भुकेने

इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा १९८८चा जपानी ॲनिमेशनपट युद्धपट म्हणून ओळखला जातो, पण त्यात लढाई जवळजवळ नाहीच. १९४५मध्ये कोबे शहरावर आगीचे बॉम्ब पडतात, आई भाजून मरते, वडील नौदलात. उरतात चौदा वर्षांचा सेइता आणि चार वर्षांची सेत्सुको. सेइता मरतो, हे सुरुवातीलाच कळते. त्यामुळे मुले वाचतील का, यापेक्षा ती कशाने मेली, याकडेच लक्ष लागते. बॉम्बमधून ती वाचलेली असतात. आसरा देणाऱ्या नातेवाईक बाई त्यांच्या आईचे किमोनो देऊन तांदूळ आणतात. पुढे भात कामाला जाणाऱ्यांच्या ताटात जातो आणि या दोघांना पातळ पेज मिळते. युद्ध घराला असे पोखरते: कोण उपयोगाचा आणि कोण नुसता खाणारा, याची मोजदाद सुरू झाली की नाते संपते. जपानच्या शरणागतीची बातमी सेइताला बँकेत कळते. सेत्सुको मरते ती त्यानंतर.

यावर म्हटले जाते की दोष सेइताच्या ताठ्याचा. नातेवाईक बाईंचे घर सोडण्याऐवजी पडते घेऊन तो तिथेच राहिला असता तर बहीण वाचली असती. स्वतः ताकाहातांनीही याला युद्धविरोधी चित्रपट म्हणण्यास नकार दिला होता. पण आरमार अजिंक्य आहे, हा सेइताचा अभिमान त्याच्या एकट्याचा नव्हे. त्या राजवटीत वाढलेल्या पिढीचा तो आहे. शिवाय चौदा वर्षांच्या मुलाकडून प्रौढाच्या शहाणपणाची अपेक्षा करताना, सेत्सुकोला सकस आहार हवा एवढेच सांगून त्यांना वाटेला लावणाऱ्या डॉक्टरला आपण सहज सोडून देतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जपानने चीनमध्ये केलेले अत्याचार इथे दिसत नाहीत, दिसतात ते फक्त जपानी मुलांचे हाल. ही उणीव मान्यच करायला हवी. तरीही मुलाबद्दलची करुणा म्हणजे राज्यकर्त्यांना माफी नव्हे. ज्या साम्राज्याच्या गौरवासाठी युद्ध लढले गेले, त्याने स्वतःच्या मुलांनाही उपाशी मारले, हे इथे स्पष्ट दिसते. मूळ कथेचे लेखक अकियुकी नोसाका यांची धाकटी बहीण १९४५मध्ये भुकेनेच गेली होती. म्हणून कुठूनही युद्धबंदीची बातमी आली की सुटकेचा निःश्वास टाकून थांबू नये. तिथल्या मुलांच्या पोटात आज काय गेले, हे विचारत राहावे.