अंगणातला शिंपी

जास्वंदीचं पान गुंडाळलेलं दिसलं, तर कीड लागली म्हणून लगेच तोडू नका. आमची अम्मी तोडणारच होती. जवळून पाहिलं, तर पानाच्या कडांना भोकं पाडून कापूस आणि कोळ्याच्या जाळ्याचे धागे ओवलेले, आत 3 अंडी! हा शिंपी पक्षी. चिमणीपेक्षा लहान, पाठ हिरवट, शेपटी उभी. आवाज मात्र अख्ख्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असा. राखी वटवट्याही पानं शिवतो, म्हणून डोकं पाहा: शिंप्याच्या माथ्यावर तांबूस टोपी असते. अंडी फुटायला सुमारे 12 दिवस, पिल्लं उडायला आणखी साधारण 14. तोवर नर-मादी दोघंही झाडावरच्या अळ्या-किडे वेचून पिल्लांना भरवतात. अम्मीने छाटणी महिनाभर पुढे ढकलली.