इनामगावची वाट

पुण्याहून सकाळी निघून सूर्यास्तापूर्वी घरी परतावे आणि चौविहारही साधावा, अशा सहलींत मांडवगण फराटा परिसराचे नाव सहसा निघत नाही. सोलापूर रस्त्याने चौफुल्यापर्यंत जाऊन डावीकडे वळले, की पारगावजवळ भीमा ओलांडावी लागते. पुढे भीमा आणि घोड या दोन नद्यांमधला सुपीक पट्टा सुरू होतो. दुतर्फा ऊस, मधूनच कांद्याची शेते. शिरूर तालुक्याच्या या टोकाला मांडवगण फराटा वसले आहे. तेथून घोडनदीच्या काठचे इनामगाव फार दूर नाही.

इनामगावात उंच बुरूज किंवा कोरीव मंदिर शोधणाऱ्याची निराशा होईल. येथील वैभव मातीखाली होते. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले, तेव्हा इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊ शतकांतील शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. चौकोनी घरे, चुली, धान्याची कोठारे, रंगीत मडकी सापडली. घराच्या जमिनीखाली दोन कुंभ तोंडाला तोंड लावून ठेवलेले आढळले. त्यांत दगावलेली बालके पुरलेली होती. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आईलाही आपले मूल घराबाहेर ठेववले नसावे.

या लोकांनी पाण्यासाठी कालवा काढला होता, बांधही घातला होता. तरीही अखेरच्या काळात प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली आणि शेवटी गाव ओस पडले. पाऊसमान घटल्यामुळे हे घडले असावे, असे संशोधकांचे अनुमान आहे.

भीमेच्या पुढच्या प्रवाहावर पेडगावचा बहादूरगड आहे. १६८९ मध्ये कैद झालेल्या छत्रपती संभाजी महाराजांना येथेच औरंगजेबापुढे आणले गेले. किल्ल्यातील मन पिळवटणाऱ्या या स्मृतीबरोबरच नदीचे पाणी मोटेने वर चढवण्याच्या व्यवस्थेचे अवशेषही पाहावेत. बादशाही छावणीलाही तहान चुकली नव्हती.

जैन शास्त्रांनी पाण्याला केवळ वस्तू मानले नाही. अप्काय म्हणजे पाणी हेच ज्यांचे शरीर आहे असे जीव, ही त्यांची दृष्टी. म्हणून पाणी गाळताना आणि वापरताना जयणा पाळायची. घरातील मुलांना ही शिकवण पुष्कळदा केवळ आजीचा नियम वाटते. उसाच्या हिरव्या शेतांमधून जाऊन ओस पडलेल्या वस्तीच्या जागी उभे राहिल्यावर त्या नियमामागचे गांभीर्य त्यांना न सांगता उमगू शकेल.

मात्र इनामगावला जाण्यापूर्वी पुण्यात डेक्कन कॉलेजचे संग्रहालय अवश्य पाहावे. तेथील मडकी डोळ्यांपुढे असली, म्हणजे घोडकाठची ती मोकळी जमीन मोकळी वाटत नाही.