गन पाण्याची असली तरी गनच



धानाची रोवणी आटोपली की आपल्या गोंदिया जिल्ह्यात वॉशिंग सेंटरवर रांगा लागतात. बांधीतला चिखल घेऊन ट्रॅक्टर येतात, देवरी-आमगावच्या रस्त्यांवरून मोटारसायकली येतात आणि ईद जवळ आली की घरोघरच्या कारही येतात. आता छोटे प्रेशर वॉशर घरांतही दिसू लागले आहेत. "अब्बू, मीच धुतो" म्हणत मुलगा गन हातात घेतो. पाणीच तर आहे, त्याने काय होणार, असे आपल्याला वाटते. हाच समज धोक्याचा आहे.

थोडा हिशेब करू. दहा मीटर उंचीवर टाकी असली तर खालच्या नळाला साधारण १ बार दाब मिळतो. घरगुती प्रेशर वॉशरचा दाब १०० बार किंवा त्याहूनही जास्त असतो. म्हणजे टाकी एक किलोमीटर उंचीवर ठेवल्यासारखे झाले! एवढ्या दाबाचे पाणी बारीक नोझलमधून सुटले की ते कातडी भेदून आत शिरू शकते.

धुऊन झाल्यावर त्याच गनने पायाचा चिखल, चपला किंवा हात धुण्याची सवय अनेकांना असते. ती आजपासून बंद करावी. अशा जखमेत वरून फक्त सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही. आत मात्र पाणी, साबण, माती आणि तेल दूरवर पसरलेले असते. काही तासांत सूज चढते आणि उशीर झाला तर बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून हळद लावून सकाळची वाट पाहू नये. ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जावे आणि "प्रेशर वॉशरचे पाणी कातडीत शिरले आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गरज पडल्यास १०८ वर फोन करावा.

दुसरा धोका विजेचा. ओली जमीन, अनवाणी पाय आणि २३० व्होल्टचे मशीन ही जोडी जीवघेणी आहे. बोर्डावरचा साधा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाचा जीव घ्यायला लागणारा करंट इतका थोडा असतो की एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपियरवर तुटणारा आरसीसीबी लागतो. इलेक्ट्रिशियनकडून तो बसवून घ्यावा आणि अर्थिंग तपासून घ्यावे. थ्री-पिनची तिसरी पिन कापू नये. एक्स्टेंशनचा जोड पाण्यात पडू देऊ नये. पायात रबरी बूट आणि डोळ्यांवर चष्मा असावा. एखाद्याला शॉक लागलाच तर आधी मेन स्विच बंद करावा, मगच त्याला हात लावावा. पेट्रोलवर चालणारे मशीन बंद शेडमध्ये चालवू नये. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.

आता गाडीकडे वळू. गरम इंजिनवर गार पाणी मारू नये; गाडी बंद करून ते पूर्ण थंड होऊ द्यावे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. एअर फिल्टरचे तोंड, अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि कॉम्प्युटरचा डबा प्लास्टिकने बांधावा. तेलकट भागावर क्लीनर लावून ब्रशने घासावे आणि रुंद फवाऱ्याने, लांबूनच धुवावे. त्यासाठी पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नये, आग लागू शकते. टायरवर जवळून धार मारल्यास आतले धागे दुखावतात. ते वरून दिसत नाही आणि टायर पुढे रस्त्यावर फुटू शकतो. मोटारसायकलच्या बेअरिंगवर धार धरली तर ग्रीस निघून जाते. ई-रिक्षाच्या बॅटरी आणि कंट्रोलरजवळ तर गन नेऊच नये. काम संपल्यावर मशीन बंद करून गनचा खटका दाबावा आणि पाइपात उरलेला दाब काढून टाकावा, मगच पाइप सोडवावा.

घरी एवढी काळजी घेणारे आपण वॉशिंग सेंटरवर गेलो की खुर्चीवर बसून मोबाइल पाहतो. तेथे गन धरणारा मुलगा कधी आपल्या मोहल्ल्यातलाच असतो, कधी आपल्याच शाळेतून गेलेला. त्याच्या पायात काय आहे? वायर कशी जोडली आहे? वय किती आहे? २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही धंद्यात कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. शाळा सांभाळून घरच्यांना मदत करण्याची सूट कायद्यात आहे, पण ती धोक्याच्या कामाला लागू नाही. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. ज्याची मजुरी वेळेवर देणे एवढे महत्त्वाचे, त्याचा जीव किती मोलाचा असेल! "बेटा, आधी बूट घाल" एवढे आपण म्हणू शकतो. मालकाला "भाईजान, आरसीसीबी बसवून घ्या, नाहीतर आम्ही दुसरीकडे जाऊ" असेही सांगू शकतो. चार गिऱ्हाइके बोलली तर मालक ऐकतो.

शेवटी पाण्याबद्दल. वुजू करतानाही पाण्याचा इस्राफ करू नये, असे आपल्याला शिकवले आहे. मग गाडीसाठी ते बेहिशेब कसे सांडावे? आधी सुकलेली माती झाडून घ्यावी, साबण लावताना गन बंद ठेवावी. तलाव किंवा बोडीच्या काठावर इंजिन धुऊ नये. तेथले तेल मासोळीत आणि शिंगाड्यात उतरते, आणि त्यावर कुणाचे तरी घर चालते.

पाकी-सफाई आपल्या दीनचा भाग आहे. त्या सफाईपायी कुणाच्या लेकराला इजा होऊ नये, एवढे पाहणे आपल्या हातात आहे. या ईदला गाडी धुवायला न्याल, तेव्हा आधी त्या मुलाच्या पायांकडे पाहा.