डिझेलचा भाव आणि समोरची काच

डिझेलच्या भावाविषयी वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहिले जाते. ज्या काचेतून चालक रस्ता पाहतो तिच्याविषयी मात्र कोणी लिहीत नाही. आमच्या मते या दोन गोष्टींचा संबंध फार जवळचा आहे. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे मुलगे, भाऊ अथवा जावई मालमोटारींवर आहेत. त्यांच्या घरच्या माणसांनी हा संबंध समजून घ्यावा म्हणून आज हा विषय घेतला आहे.

भोपाळहून नागपूरकडे जाणारा रस्ता मंडीदीपच्या कारखान्यांवरून व औबेदुल्लागंजवरून पुढे नर्मदेकडे उतरतो. नदी ओलांडली की इटारसी, मग बैतुलचा डोंगराळ भाग, मुलताई, पांढुर्णा आणि मग आपला विदर्भ. पांढुर्ण्याची संत्री, मंडीदीपचा माल, सिमेंट, धान्य, सारे याच वाटेने जाते. या वाटेवरील ढाब्यांवर मराठी बोलणारे चालक हमखास भेटतात. आम्ही त्यांच्याशी अनेकदा बोललो आहोत. बोलणे प्रकृतीवरून सुरू होते आणि दोन मिनिटांत डिझेलवर येते.

त्याचे कारणही तसेच आहे. पूर्वी डिझेलचा भाव सरकार ठरवीत असे. ऑक्टोबर २०१४ मध्ये ते बंधन काढण्यात आले, आणि १६ जून २०१७ पासून रोज सकाळी सहा वाजता नवा भाव लागू करण्याची पद्धत आली. मे २०२० मध्ये जगात कच्चे तेल स्वस्त झाले असता केंद्राने डिझेलवरील कर लिटरमागे १३ रुपयांनी वाढविला. स्वस्ताईचा लाभ गाडीवाल्याच्या पदरी पडलाच नाही. पुढच्याच महिन्यात मध्यप्रदेश शासनाने आपला आणखी एक रुपया वर चढविला. २४ जून २०२० रोजी दिल्लीत डिझेल पेट्रोलहून महाग झाले, जे त्यापूर्वी कधी घडले नव्हते. ऑगस्टमध्ये मध्यप्रदेशातील वाहतूकदारांनी तीन दिवस गाड्या उभ्या करून आपले गाऱ्हाणे मांडले. नोव्हेंबर २०२१ मध्ये १० रुपये व मे २०२२ मध्ये ६ रुपये असा केंद्राचा कर उतरला, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

आता हिशेब पाहू. भोपाळ ते नागपूर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. भरलेली मोठी गाडी एका लिटरला साधारण चार किलोमीटर जाते असे धरले, तर एका फेरीला ८५ ते ९० लिटर तेल लागते. लिटरमागे पाच रुपये वाढले की एका बाजूच्या फेरीतच चारशे-साडेचारशे रुपये गेले. मोठ्या कारखान्यांच्या करारात तेलाच्या भावाप्रमाणे भाडे वाढविण्याचे कलम असू शकते. परंतु दलालाकडून फेरी उचलणाऱ्या एका-दोन गाड्यांच्या मालकाला ते कोण देणार? भाडे आधीच ठरलेले असते. टायर, विमा, टोल, हप्ता यांतील कशालाच हात लावता येत नाही. मग काटछाट कोठे करावयाची?

ती पहिल्याने क्लीनरवर होते. या शब्दाकडे वाचकांनी जरा लक्ष द्यावे. चालकाच्या शेजारी बसणारा तो पोरगा क्लीनर का म्हटला जाई? गाडी पुसणे हेच त्याचे मूळ काम. ढाब्यावर गाडी थांबली की चालक खाटेवर पडे आणि हा बादली घेऊन काचेवर चढे. मागे येणाऱ्या गाडीला हात दाखविणे, चढणीवर चाकाखाली दगड लावणे, रात्री चालकाला बोलते ठेवणे हीही कामे त्याचीच. आज अनेक गाड्यांवर तो नाही. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असावेत अशी अट होती. तीही २०१८ मध्ये काढून टाकण्यात आली. तेलाचा भाव पुढे थोडा उतरला, परंतु कमी केलेला माणूस गाडीवर परत आला नाही. जो एकटा राहिला तो बारा-बारा तास गाडी चालवून थांबतो तेव्हा त्याच्या अंगात काच पुसण्याचे त्राण असेल काय? आम्ही त्याला दोष देत नाही.

पण काच आपला हिशेब ठेवतेच. तासाला ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. जानेवारीच्या पहाटे ग्वाल्हेरच्या बाजूला धुके दाटते, कधी भोपाळपर्यंत येते. तेव्हा पन्नास मीटरवर उभी असलेली ट्रॉली दिसावी आणि तीन सेकंदांत भरलेली गाडी थांबावी, हे होत नाही. वेग कमी करणे हाच तेथे उपाय. त्यात काच मळलेली असली तर समोरच्या गाडीचा प्रकाश धुळीच्या प्रत्येक कणावर आणि ओरखड्यावर फुटतो आणि सारी काच पांढरी होते. दिवसा जी काच चांगली वाटते तीच रात्री आंधळी ठरते.

चालकांच्या युक्त्या पुष्कळ आहेत. पावसात काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळतात. त्याने पाणी काही वेळ थेंब न धरता ओघळते, पण वायपरची गरज भागत नाही. कोरडी धूळ फडक्याने पुसणे मात्र वाईट. वाळूचा कण काचेवर रेघ ओढतो आणि ती रेघ पुन्हा जात नाही. आधी पाणी ओतावे, मग पुसावे. डिझेलचा हात लागलेले फडके काचेला लावूच नये. आतली बाजू बहुतेक जण विसरतात, आणि विडीचा धूर व श्वासाची वाफ तेथेच बसते. थंडीत काच आतून धुरकटली तर हाताने पुसल्याने ती पुन्हा धुरकटते. खिडकी थोडी उघडून आतली दमट हवा बाहेर जाऊ द्यावी. भोपाळच्या उन्हाळ्यात वायपरचे रबर कडक होते व चिरते, म्हणून ते पहिल्या पावसापूर्वी बदलावे. काचेला लहानसा टवका उडाला असेल तर तोही वेळीच भरून घ्यावा; दिवसाचे ऊन आणि रात्रीची थंडी यांनी तो वाढत जातो.

हा वायपर प्रथम कसा सुचला हे ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेतील मेरी अँडरसन या बाईंनी न्यूयॉर्कला हिमवृष्टीत ट्रामच्या चालकाला बाहेर पाहता यावे म्हणून खिडकी उघडून कुडकुडताना पाहिले, आणि १९०३ मध्ये आतून दांड्याने फिरविता येणाऱ्या पुसणीचे पेटंट घेतले. आरंभी कोणी ती विकत घेईना.

एक गोष्ट आमच्याच माणसांना सांगावयाची आहे. काचेच्या मध्यभागी हार, झुंबरे, चिंध्या, चिकटचित्रे आणि त्यांच्यामध्ये रोझरीही लोंबत असते. पवित्र ख्रिस्तोफर प्रवाशांचा आश्रयदाता आहे हे खरे; त्याची तसबीर टपाच्या आतल्या बाजूला किंवा डॅशबोर्डवर लावावी, रस्त्याच्या आड नव्हे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी समोरच्या काचेतून निदान ७० टक्के प्रकाश आत यावा असे ठरविले आहे, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या पापुद्र्यांना याच नियमावरून मनाई केली. पापुद्रा कायद्याने निघाला, हार मात्र तसाच राहिला.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या व मध्यम मालगाड्यांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. त्याने चालकाचा घाम वाचेल, आणि थंडीत काचही आतून लवकर कोरडी होईल. परंतु रस्त्यावर धावणाऱ्या बहुसंख्य गाड्या जुन्या आहेत. अशा एका गाडीच्या दोन वायपरांची किंमत सहसा आठ-दहा लिटर डिझेलपेक्षा अधिक नसते. म्हणजे भोपाळहून निघून औबेदुल्लागंज गाठेपर्यंत ती गाडी जितके तेल जाळते, तितकीच. घरून निघणाऱ्या मुलाला भाकरी बांधून देताना घरच्यांनी वायपर कधी बदलले तेवढे विचारावे. मालकानेही ते पैसे फेरीच्या खर्चात धरावेत, चालकाच्या भत्त्यातून कापू नयेत.