औषध नाही, मग तपासणी कशाला?

‘डॉक्टर, या आजारावर औषधच नाही म्हणता, मग तपासणीचा खर्च कशाला?’ हा प्रश्न तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी अनेकदा ऐकला आहे. गरिबाच्या तोंडी तो रास्तच वाटतो. पण लहान मुलांच्या काही आनुवंशिक आजारांत हा हिशेब चुकीचा ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. ते पटावे म्हणून आज एका दुर्मिळ आजाराची माहिती देतो. त्याचे नाव आय-सेल आजार.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे, हे आपण शाळेत शिकलो. या पेशीच्या आत निरनिराळे कप्पे असतात. त्यांपैकी एक लायसोसोम. शालेय पुस्तकात त्याला लयकारिका म्हणतात. बेल्जियमचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन द दूव्ह यांनी १९५५ साली हा कप्पा जगापुढे मांडला. लायसोसोम म्हणजे पेशीचे सफाई खाते. जुने, मोडके पदार्थ तेथे येतात आणि पन्नासच्या आसपास प्रकारची एन्झाइम, म्हणजे विकरे, त्यांचे बारीक तुकडे करतात.

गंमत अशी की, ही विकरे लायसोसोममध्ये तयार होत नाहीत. ती दुसरीकडे तयार होतात आणि गॉल्गी संकुल नावाच्या कप्प्यातून पुढे जातात. गॉल्गी संकुल म्हणजे टपालाची छाटणी करणारे ऑफिसच. काही माल पेशीबाहेर जायचा असतो, काही लायसोसोमकडे. कोणता कुठे, हे कळते कसे? पत्रावर आपण पिनकोड घालतो, तशी खूण विकरावर उमटवलेली असते. विकराला चिकटलेल्या मॅनोज नावाच्या साखरेला फॉस्फेट जोडले जाते. ही खूण म्हणजे मॅनोज-६-फॉस्फेट. ती ओळखणारी प्रथिने त्या विकराला धरून लायसोसोमकडे रवाना करतात. कोठे जायचे याचा संकेत प्रथिनाच्या अंगीच असतो, हे दाखवून देणारे गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आय-सेल आजारात विकरे तयार होतात, पण त्यांच्यावर शिक्का मारणारी यंत्रणाच बंद असते. पत्ता नसलेला माल पेशीबाहेर फेकला जातो. त्यामुळे रक्तात ही विकरे कितीतरी पट वाढलेली आणि पेशीत मात्र त्यांचा दुष्काळ. पेशीत कचरा साठत जातो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या या साठ्यांवरूनच आजाराला नाव पडले. लेरॉय आणि डीमार्स यांनी १९६७ साली अशा पेशींचे वर्णन केले. पुढे १९७२ मध्ये हिकमन आणि एलिझाबेथ न्यूफेल्ड यांनी दाखवले की, रुग्णाच्या पेशी निरोगी माणसाचे विकर आत घेतात, पण रुग्णाचे विकर दुसऱ्या पेशी आत घेत नाहीत. म्हणजे दोष घेणाऱ्यात नव्हे, मालावरच्या पत्त्यात.

अशा बाळाचा चेहरा जाडसर दिसतो, हिरड्या सुजल्यासारख्या असतात, सांधे आखडतात. वाढ खुंटते, छातीचे आजार वारंवार होतात. बहुतेक मुले दहा वर्षांच्या आत दगावतात. आजार मुळापासून बरा करणारे औषध आजही नाही.

मग तपासणी कशाला? माझ्या मते तीन कारणांसाठी.

पहिले कारण, दिसायला सारखे ते सगळे आजार एकच नसतात. हर्लर नावाच्या आजारातही चेहरा आणि सांधे असेच दिसू शकतात. पण त्यात एकच विकर कमी असते आणि ते सलाइनवाटे देण्याचा उपचार २००३ पासून उपलब्ध आहे. दिलेल्या विकरावर तीच मॅनोज-६-फॉस्फेटची खूण असते, म्हणून पेशी ते आत घेतात. हे विकर मेंदूपर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी लहान वयातच अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो. तेव्हा ‘औषध नाही’ हे वाक्य निदानानंतर बोलायचे आहे, आधी नव्हे.

दुसरे कारण पुढच्या बाळाचे. या आजारात आई आणि वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतात, पण स्वतः ठणठणीत असतात. प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन चांगलीच होतील, असा याचा अर्थ नव्हे. नेमका दोष माहीत असेल तर अकराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा तुकडा घेऊन किंवा सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल घेऊन तपासणी करता येते. गर्भलिंग सांगणे गुन्हाच आहे. पण आनुवंशिक आजारासाठी नोंदणीकृत केंद्रात अशी तपासणी करण्यास १९९४ च्या कायद्याने मुभा दिली आहे. मूल अत्यवस्थ असेल तरी डॉक्टरांना सांगून त्याचे रक्त जनुकीय तपासणीसाठी राखून ठेवावे. मूल गेल्यावर ही संधीही जाते.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. निदान झाले नाही की दोष सुनेच्या माथी येतो. ग्रहण पाळले नाही, पायगुण वाईट, माहेरचे काही असेल. अहो, जनुक दोन्हीकडून आलेले असते! आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. अशा बहुतेक जोडप्यांची मुले चांगली असतात. परंतु जवळच्या नात्यात एकच सदोष जनुक दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. घरात असे मूल होऊन गेले असेल, तर नात्यात सोयरीक ठरवण्यापूर्वी सल्ला घ्यावा.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये दुर्मिळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्याखालील केंद्रांत मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय आहे. माझ्यासारख्या एम.बी.बी.एस. डॉक्टरचे काम एवढेच की, शंका येताच चिठ्ठी लिहून रुग्णाला योग्य ठिकाणी धाडावे. पालकांनी ती चिठ्ठी कपाटात ठेवू नये. आजार बरा होवो न होवो, त्याचे नाव विचारून घ्या आणि कागदावर लिहून मागा. पुढच्या गरोदरपणात पहिल्याच भेटीला तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा.